नातीचा विषाणू आणि आजीची झोप

दर महिन्याला रक्तदाब तपासून घ्यायला येणाऱ्या एक काकू आहेत. वय 74. विश्रांतवाडीतच राहतात. गोळ्या वेळेवर, मीठ बेताचे, सकाळची फेरी न चुकता. त्यामुळे त्यांचा रक्तदाब मला सहसा तक्रारीला जागा ठेवत नाही. गेल्या खेपेस मात्र वरचा आकडा 170 च्या पुढे होता. पाच मिनिटे शांत बसवून पुन्हा मोजला, तरी तेच.

"गोळी चुकली का?" मी विचारले.

"नाही."

"झोप?"

काकू घुटमळल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "डॉक्टर, एड्सचा विषाणू कपड्यांवरून घरात येतो का हो?"

हळूहळू सारा उलगडा झाला. त्यांची नात पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत पीएच.डी. करते आणि आजी-आजोबांकडेच राहते. एका रात्री जेवताना तिने मोठ्या उत्साहाने आपले काम सांगितले: एचआयव्हीपासून तयार केलेला विषाणू वापरून आम्ही माणसाच्या पेशीतले एखादे जनुक गप्प करतो. त्या रात्रीपासून काकूंची झोप उडाली. नातीचे कपडे वेगळे भिजू लागले, तिचे ताट-वाटी वेगळी झाली. पोरीच्या ते लक्षात आले, पण ती काही बोलली नाही.

सर्वांत मोठा परिणाम झाला तो काकांवर. काकांना कंपवात आहे. त्यांची दाढी करणे, सदऱ्याची बटणे लावणे, दिवसातून चार वेळा ठरलेल्या वेळी गोळ्या देणे, हे सारे नात करत असे. काकूंनी ते काम तिच्याकडून काढून स्वतःकडे घेतले. काकूंची बोटे सांधेदुखीने आखडलेली. गोळ्यांच्या वेळा पुढे-मागे होऊ लागल्या आणि काकांचे अंग दुपारनंतर जखडू लागले. एका गैरसमजाने तीन माणसांची घडी विसकटली होती.

त्या दिवशी काकूंशी जे बोललो, तेच आज या सदरात जरा विस्ताराने मांडतो. पुण्यात जैविक संशोधन करणाऱ्या संस्था अनेक आहेत. विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र तर देशभरच्या प्रयोगशाळांना संशोधनासाठी पेशी पुरवते. तेव्हा असा मुलगा, अशी सून किंवा नात आपल्यापैकी अनेकांच्या घरी असू शकेल.

पहिली गोष्ट विषाणूच्याही आधीची आहे. खरा एचआयव्हीसुद्धा कपड्यांवरून, ताटवाटीतून, एकत्र जेवल्याने, दाढी करून दिल्याने पसरत नाही. तो पसरतो असुरक्षित शरीरसंबंधातून, बाधित रक्तातून, दूषित सुईतून आणि बाधित आईकडून बाळाला. म्हणजे घरात प्रत्यक्ष एचआयव्हीबाधित माणूस असता, तरी त्याचे ताट वेगळे करण्याचे कारण नव्हते. मग नातीचे तर मुळीच नव्हते.

आता "जनुक गप्प करणे" म्हणजे काय ते पाहू. गावाकडे जमिनीची मूळ नोंद सरकारी दप्तरात असते. आपल्या कामाला लागते ती तिची नक्कल, म्हणजे सातबाऱ्याचा उतारा. मूळ दप्तर जागचे हलत नाही. उतारा घेऊन माणूस बँकेत जातो, कर्ज काढतो, व्यवहार करतो. पेशीचा कारभार असाच चालतो. डीएनए हे मूळ दप्तर. ते पेशीच्या केंद्रकात जपून ठेवलेले असते. एखादे प्रथिन बनवायचे झाले की त्या जनुकाची आरएनए नावाची नक्कल निघते, ती केंद्रकाबाहेर येते आणि तिच्यावरून प्रथिन तयार होते. माणसात प्रथिनांची कृती सांगणारी जनुके सुमारे 20,000 आहेत.

आता समजा, एका विशिष्ट जनुकाची नक्कल बाहेर पडताच कोणी फाडून टाकू लागले, तर मूळ दप्तराला धक्काही न लागता ते प्रथिन बनणे थांबेल, निदान पुष्कळ कमी होईल. जनुक गप्प करणे ते हेच. आणि नक्कल फाडणारी ही यंत्रणा माणसाने शोधून काढलेली नाही. ती पेशीत आधीपासूनच आहे. 1990 मध्ये अमेरिकेत पेटुनियाच्या फुलांचा जांभळा रंग अधिक गडद व्हावा म्हणून रंगाच्या जनुकाची जास्तीची प्रत रोपात घातली गेली, तर काही फुले चक्क पांढरी उमलली. याचा उलगडा व्हायला काही वर्षे जावी लागली. 1998 मध्ये अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या कृमीवर प्रयोग करून दाखवले की दुपदरी आरएनए पेशीत शिरला की पेशी त्याच्याशी जुळणारी नक्कल शोधून नष्ट करते. 2006 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना या शोधासाठी मिळाले. सस्तन प्राण्यांच्या, म्हणजे माणसाच्याही पेशीत सुमारे 21 अक्षरांचे आरएनएचे तुकडे हेच काम करतात, हे 2001 मध्ये सिद्ध झाले.

पण चांगले चालले आहे ते बंद कशासाठी पाडायचे? काकूंनीही हेच विचारले. मी म्हणालो, "काकू, तुम्ही दोन दिवस माहेरी गेलात की घरात काय होते?" त्या हसल्या. घरातली कर्ती बाई चार दिवस नसली की ती काय काय करत होती याचा हिशेब सगळ्यांना लागतो. दूध उतू जाते, पाण्याची मोटर लावायची राहते, देवापुढचा दिवा विसरतो. जनुकाचेही तसेच आहे. ते गप्प केल्यावर पेशीत काय बिघडते किंवा काय सुधारते, हे पाहिले की त्याचे काम कळते. कर्करोगाच्या पेशीत एखादे जनुक गप्प केल्यावर तिची वाढ थांबली, तर पुढच्या औषधाचे लक्ष्य सापडण्याची शक्यता असते.

आता विषाणूचे काम. आरएनएचा उघडा तुकडा नाजूक असतो. तो पेशीबाहेर टिकत नाही आणि अनेक प्रकारच्या पेशींत सहज शिरतही नाही. पेशीत शिरण्याची कला कोणाला अवगत असेल, तर ती विषाणूला. म्हणून शास्त्रज्ञांनी विषाणूला टपालवाल्याच्या कामाला लावले. त्याच्या पिशवीतली रोगाची पत्रे काढून घेतली आणि आपली चिठ्ठी आत ठेवली. यालाच वाहक विषाणू म्हणतात.

नात वापरत होती तो लेन्टीव्हायरस गटातला वाहक. एचआयव्ही हा याच गटातला. खऱ्या एचआयव्हीत नऊ जनुके असतात. प्रयोगशाळेत आज प्रचलित असलेल्या अधिक सुरक्षित पद्धतीत त्यांपैकी सहा पूर्णपणे वगळलेली असतात. उरलेल्या तिन्हींचा उपयोग फक्त वाहक घडवताना होतो. तीही वेगवेगळ्या डीएनए-तुकड्यांवर विभागून ठेवलेली असतात आणि तयार झालेल्या वाहकाच्या पोटात जात नाहीत. पोटात जाते ती फक्त संशोधकाची चिठ्ठी. बाहेरचे आवरणही एचआयव्हीचे नसते. ते बहुधा गुरे आणि घोडे यांना होणाऱ्या एका आजाराच्या विषाणूकडून घेतलेले असते. असा वाहक पेशीत एकदाच शिरतो, चिठ्ठी पोचवतो आणि त्याचे काम संपते. आपल्यासारखा दुसरा विषाणू तो निर्माण करू शकत नाही, कारण ते कसे करायचे हे सांगणारी पानेच त्याच्याकडे नसतात. त्याच्यापासून एड्स होत नाही.

"तरी पण विषाणू तो विषाणूच ना?" काकूंची शंका कायम होती. मी विचारले, "तुम्ही कोविशील्ड घेतली होती?" दोन्ही डोस आणि वर्धक मात्राही, असे त्यांनी अभिमानाने सांगितले. हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली ही लस म्हणजे चिंपांझीच्या ॲडिनोव्हायरसपासून घडवलेला, वाढण्याची शक्ती काढून घेतलेला वाहकच होता. जनुक गप्प करणे हे त्याचे काम नव्हते. करोनाच्या काटेरी प्रथिनाची कृती आपल्या पेशींना नेऊन देणे एवढेच होते. 1 मार्च 2021 पासून साठीपुढच्या नागरिकांसाठी लसीकरण खुले झाले आणि तुमच्या-आमच्यापैकी असंख्य जणांनी असा वाहक दंडात टोचून घेतला. त्या लसीचा रक्त गोठण्यासंबंधीचा एक अत्यंत विरळा पण गंभीर दुष्परिणाम पुढे आढळला, हेही सांगितले पाहिजे. वाहक विषाणू म्हणजे राक्षस नव्हे आणि निव्वळ पाणीही नव्हे.

म्हणूनच प्रयोगशाळेत शिस्त असते. भारतात अशा कामावर पर्यावरण संरक्षण कायद्याखालील 1989 च्या नियमांचे बंधन आहे आणि संस्थेत जैवसुरक्षा समिती असावी लागते. काम बंदिस्त कपाटासारख्या यंत्रात चालते. त्यातली हवा गाळली जाते. अंगात वेगळा कोट आणि हातात मोजे असतात, आणि ते दोन्ही तिथेच उतरवून बाहेर पडायचे असते. वापरलेले द्रव आणि भांडी जंतुनाशकाने किंवा दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक केली जातात. धोका शून्य नाही. या वाहकाची चिठ्ठी पेशीच्या गुणसूत्रात कायमची टाचली जाते. तेव्हा सुई टोचली किंवा डोळ्यात थेंब उडाला, तर त्या संशोधकाने जागा ताबडतोब धुऊन लगेच वरिष्ठांना आणि डॉक्टरांना कळवायचे असते. पण हा धोका प्रयोगाच्या टेबलापाशी उभ्या असलेल्या माणसाला आहे. घरी वाट पाहणाऱ्या आजीला नाही. आजीने नातीला विचारावेच, पण "कपडे कुठे ठेवलेस?" असे नव्हे, "मोजे घालतेस ना? रात्री उशिरा दमलेल्या हातांनी सुई धरत नाहीस ना?" असे विचारावे.

काकूंचा चेहरा निवळला. आणि मग त्यांनी जो प्रश्न विचारला, तो पहिल्यापेक्षा अवघड होता. "मग डॉक्टर, यांच्या कंपवाताचे जनुक गप्प करता येईल का? शेजारणीने मोबाइलवर एक जाहिरात दाखवली. काही लाखांत करून देतात म्हणे."

दहा मिनिटांपूर्वी ज्या गोष्टीच्या भीतीने ताट वेगळे झाले होते, तिच्यासाठीच आता ठेव मोडायची तयारी होती. यात हसण्यासारखे काही नाही. जोडीदाराचा हात रोज थरथरताना पाहणाऱ्या माणसाला आशा आवरत नाही. पण इथे मला काकूंना थांबवावे लागले.

कंपवातात मेंदूतल्या काही चेतापेशी मरतात आणि त्यांत आल्फा-सायन्यूक्लीन नावाच्या प्रथिनाच्या गुठळ्या दिसतात. या प्रथिनाच्या जनुकातला दोष काही कुटुंबांत कंपवाताला कारण ठरतो, हे 1997 मध्ये कळले. बहुतेक रुग्णांत मात्र असा एकच सरळ जनुकदोष नसतो. तरीही विचार साहजिक होता: हे जनुक गप्प केले तर? उंदरांच्या जातीच्या प्राण्यांवर वाहक विषाणूने तसे करून पाहिले गेले. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ज्या चेतापेशी वाचवायच्या, त्याच हे जनुक गप्प केल्यावर मरू लागल्या. पुढे दुसऱ्या एका प्रयोगात हेच प्रथिन बेताने कमी केले, तेव्हा पेशींना संरक्षण मिळालेले दिसले. म्हणजे रोगात खलनायक वाटणारे प्रथिन निरोगी पेशीत काहीतरी आवश्यक कामही करत असावे. पुन्हा तीच कर्ती बाई! तिचा आवाज थोडा कमी करणे वेगळे आणि तिला घराबाहेर काढणे वेगळे.

याहून मोठा धडा 2006 मध्ये मिळाला. अमेरिकेतील संशोधकांनी उंदरांच्या यकृतातील जनुके गप्प करण्यासाठी 49 प्रकारचे वाहक वापरले. त्यांपैकी 36 वाहकांनी यकृताला इजा केली आणि 23 वाहकांमुळे उंदीर दगावले. कारण वेगळेच निघाले. गप्प करणारा आरएनए इतका जास्त तयार झाला की पेशीची स्वतःची तीच यंत्रणा त्याच्या ओझ्याखाली कोंडली. औषध चुकीचे नव्हते, मात्रा चुकीची होती. हे उंदरांत कळले म्हणून माणसे वाचली. माणसांवरच्या सुरुवातीच्या जनुक-उपचारांत अशी किंमत माणसांनीही मोजली आहे. 1999 मध्ये अमेरिकेत जेसी गेल्सिंगर हा 18 वर्षांचा मुलगा वाहक विषाणूच्या चाचणीत दगावला. पुढे फ्रान्समध्ये जन्मजात प्रतिकारशक्ती नसलेल्या मुलांवर वेगळ्या जातीचा वाहक वापरून उपचार झाले. अनेकांना त्याचा लाभ झाला, पण काहींच्या पेशींत ती चिठ्ठी नको त्या जागी टाचली गेली आणि त्यांना रक्ताचा कर्करोग झाला. आजचे वाहक अधिक सुरक्षित आहेत, ते या दुःखातून शिकूनच.

म्हणजे हे सारे व्यर्थ आहे का? मुळीच नाही. मुंबईत आयआयटी आणि टाटा स्मारक केंद्र यांच्या संशोधनातून विकसित झालेल्या नेक्सकार-19 या रक्ताच्या काही कर्करोगांवरील उपचाराला ऑक्टोबर 2023 मध्ये भारतात मान्यता मिळाली. त्यात रुग्णाच्या पांढऱ्या पेशी बाहेर काढून लेन्टीव्हायरस वाहकानेच त्यांत नवे जनुक घालतात आणि त्या पेशी पुन्हा रुग्णाला देतात. अशा उपचारानंतर एचआयव्हीची काही प्रकारची तपासणी खोटी सकारात्मक येऊ शकते, एवढे काळजीवाहकांनी लक्षात ठेवावे आणि कोणतीही तपासणी करताना या उपचाराची माहिती आधी द्यावी.

जनुक गप्प करणारी औषधेही आली आहेत, पण ती विषाणूशिवाय. पहिल्या औषधाला 2018 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. कोलेस्टेरॉलसाठीचे इन्क्लिसिरान भारतातही उपलब्ध आहे. पहिले इंजेक्शन, तीन महिन्यांनी दुसरे आणि मग दर सहा महिन्यांनी एक. ते यकृतातल्या पीसीएसके-9 या प्रथिनाची नक्कल फाडते आणि घातक कोलेस्टेरॉल जवळपास निम्म्यावर येते. ते कोणाला द्यायचे हे हृदयरोगतज्ज्ञ ठरवतील. म्हणून आपल्या चालू गोळ्या कोणी आपल्या मनाने बंद करू नयेत. मेंदूच्या आजारांत वाहक विषाणूने जनुक गप्प करण्याचे प्रयत्न हंटिंग्टनसारख्या आनुवंशिक आजारात, मोजक्या रुग्णांवर, मेंदूत शस्त्रक्रिया करून चाचणीच्या स्वरूपात झाले आहेत. कंपवातासाठी मात्र जनुक गप्प करणारे कोणतेही मान्यताप्राप्त औषध आज नाही. जो ते विकतो आहे, तो काय विकतो आहे हे आपणच ओळखावे.

जाहिरातीतला उपचार "प्रायोगिक आहे" असे कोणी म्हटले, तर तीन प्रश्न विचारावेत. भारतीय चिकित्सा-चाचणी नोंदवहीत, म्हणजे सीटीआरआयमध्ये, तिची नोंद आहे का? भारतात नव्या औषधांच्या चाचण्यांची नोंदणी 15 जून 2009 पासून सक्तीची आहे आणि ही नोंदवही संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता येते. नैतिकता समितीची मान्यता कोणाची आहे? आणि चाचणी असेल, तर तिच्या औषधाचे पैसे आमच्याकडून का मागता? उत्तर देताना समोरचा चिडला किंवा "ऑफर आजपुरतीच आहे" म्हणाला, तर तिथून उठावे. कागद आपल्या डॉक्टरांना दाखवावेत. नुसते विचारायला येणाऱ्याला कोणी नावे ठेवत नाही.

संशोधनाला मदत करायची असेल, तर आपल्या हातात एक गोष्ट आहे. शस्त्रक्रियेपूर्वीच्या संमतिपत्रात कधी कधी "काढलेला ऊतक संशोधनासाठी वापरण्यास हरकत नाही" असे वाक्य असते. ते वाचावे, विचारावे आणि मगच होकार किंवा नकार द्यावा. 1951 मध्ये अमेरिकेत हेन्रिएटा लॅक्स या बाईंच्या गाठीतून घेतलेल्या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत. त्या घेताना तिला कोणी विचारले नव्हते आणि तिच्या कुटुंबाला ते कळायला वीसहून अधिक वर्षे लागली. आज विचारले जाते. तो आपला हक्क आहे.

काकूंची गोळी मी त्या दिवशी बदलली नाही. आठ दिवसांनी पुन्हा बोलावले आणि जमले तर नातीला सोबत आणा म्हटले. त्या तिघे आले. काकूंचा रक्तदाब 138 वर 84 होता. काकांची दाढी नीट केलेली होती आणि गोळ्यांच्या चार वेळा नातीने मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून आणल्या होत्या, मला दाखवायला. कंपवाताच्या गोळ्यांत घड्याळाला फार महत्त्व असते. अर्ध्या तासाचा फरकही काहींच्या शरीराला जाणवतो, आणि ही गोळी एकाएकी बंद करणे धोक्याचे असते. कागद पाहून मी एकच दुरुस्ती केली: जेवणाच्या आधी अर्धा तास.

निघताना काकू नातीकडे पाहत मला म्हणाल्या, "हिचे जनुक गप्प होईल तेव्हा होईल. तोवर यांच्या गोळ्या हिच्याकडेच."